तूर्त उचंत

गिरगाव,
१६ जुलै १९५७

कालिंदीबाई कर्णिक यांस,

नमस्कार. आपण कुमारी की सौभाग्यवती हे पत्रावरून कळलं नाही, म्हणून नावामागे काहीच लावलेलं नाही. व्याकरणात अशा शब्दाला अविकारी म्हणतात. राग नसावा.

दादरच्या व्याख्यानाचा शेवट करताना मी जे वाक्य टाकलं ते टाळ्यांसाठी होतं. ‘ज्याला संस्कृतात नाव नाही अशी वस्तू जगात नाही’ असं म्हटलं की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन इंग्रजी नावाच्या साबणाने हात धुतात. ते कोणी मनावर घेईल आणि त्याच आठवड्यात टपालाने शब्द विचारील असं वाटलं नव्हतं. आपण लिहिता की आपण फोर्टात विमा कचेरीत नोकरी करता, संध्याकाळी विद्यापीठात एम. कॉम.च्या व्याख्यानांना बसता, आणि इंग्रजीत सगळं पाठ होतं पण मराठीत म्हटल्याशिवाय कळत नाही. हे शेवटचं वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिणार होतो. आमचे हेडमास्तर इंग्रजी शिकवतात, म्हणून राहिलं.

आता शब्द. ज्यांच्याकडून येणं आहे अशा किरकोळ मंडळींना ‘प्रकीर्ण ऋणको’ म्हणावं. स्लीपिंग पार्टनर म्हणजे ‘निद्रिस्त सहभागी’. आमच्या चाळीत असे पुष्कळ आहेत, फक्त त्यांच्या मागे धंदा नाही. गुडविल या शब्दाने मात्र माझे दोन दिवस खाल्ले. दुकान विकताना भिंती, कपाटं आणि माल यांच्यापलीकडे गिऱ्हाइकाच्या मनात जे असतं त्याचीही किंमत धरतात, असं आपण लिहिता. हे मला ठाऊकच नव्हतं. मनातल्या गोष्टीची किंमत कशी करतात हे सवडीने कळवावं. शब्द ‘सुकीर्ती’ असा सुचवतो. पसंत नसल्यास परत करावा, अजून वापरलेला नाही.

माझ्याविषयी आपण काही विचारलेलं नाही, तरी सांगतो. वय सेहेचाळीस. शाळेत संस्कृत, घरी स्वयंपाक; दोन्ही ठिकाणी रोज तेच. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मला टपालाने येतात ती वाचनालयाची स्मरणपत्रं. त्यामुळे आपलं पाकीट घेऊन आमचा पोस्टमन सीताराम तिसऱ्या मजल्यापर्यंत आला आणि मी ते फोडेपर्यंत दारातच उभा राहिला. ‘वाईट बातमी नाय ना मास्तर?’ असं त्याने विचारलं. मी म्हटलं, अजून कळत नाही.

आपला,
रघुवीर आठल्ये


दादर,
२५ जुलै १९५७

आठल्ये मास्तरांना कालिंदीचा नमस्कार.

कुमारी. वय अडतीस. म्हणजे लोक आता विचारत नाहीत, आणि विचारलंच तर आवाज खाली करून.

‘सुकीर्ती’ परत करते. ती एखाद्या मुलीचं नाव वाटते, आणि तिचं लग्न ठरत नसावं असंही वाटतं. मनातल्या गोष्टीची किंमत आम्ही मागच्या नफ्यावरून काढतो. काही वर्षांचा सरासरी नफा घ्यायचा आणि तो ठरावीक वर्षांनी गुणायचा. नफा कधी झालाच नसेल तर ती किंमत शून्य धरतात. प्राध्यापक हे सांगून पुढे गेले. मी तिथेच राहिले.

मास्तर, आपले शब्द सुंदर आहेत, पण बाजारात त्यांना कोणी ओळखणार नाही. माझे वडील मूळजी जेठा मार्केटात एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांची सगळी भाषा पेढीची. कीर्द म्हणजे रोजची वही, खतावणी म्हणजे ज्याच्या त्याच्या नावाची. यंत्र वर्षभर वापरून झिजतं, ती झीज म्हणजे घसारा. आम्हाला ‘डेप्रिसिएशन’ तासभर शिकवलं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पायऱ्या उतरताना वडिलांचा घसारा आठवला आणि सगळं कळलं. त्यांचा सगळ्यांत लाडका शब्द उचंत. तो ते घरातसुद्धा वापरत. तो पुढच्या पत्रात सांगते, त्याला जरा जागा लागते.

आमच्या वर्गात बाई म्हणून मी एकटी. प्राध्यापक ‘जंटलमेन’ म्हणतात, मग माझ्याकडे बघून खोकतात. माझ्या बाकावर कोणी बसत नसे. गेल्या आठवड्यात राजाराम नावाचे एक जण येऊन बसले. डिलाईल रोडला बीडीडी चाळीत राहतात, गिरणीच्या ऑफिसात कारकून आहेत, गेल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. बसल्यावर हळूच म्हणाले, ‘बाई, हा बाक मोकळा ठेवलाय तो तुमच्यापायी की माझ्यापायी?’ मी म्हटलं, दोघांत समसमान वाटून घेऊ. तेव्हापासून आमचं बरं चाललं आहे.

आपली,
कालिंदी कर्णिक


गिरगाव,
९ ऑगस्ट १९५७

कालिंदीबाई,

आपल्या तीर्थरूपांना माझा मरणोत्तर नमस्कार. पण बाजाराने हे शब्द घडवले असं जे आपण सुचवता ते मला मान्य नाही. बाजार शब्द घडवत नाही, बाजार शब्द वापरून वापरून झिजवतो. त्यालाच आपण घसारा म्हणता, आणि तो मुळात ‘घर्षण’ आहे. कीर्द ही ‘कीर्ती’ची भ्रष्ट मुलगी. रोजच्या व्यवहाराची वाच्यता, ती कीर्ती. आणि उचंतसाठी पुढच्या पत्रात जागा अडवू नका. तो मी ओळखला. व्युत्पत्ती इतकी उघड आहे की ती लिहून दाखवणं म्हणजे दिवाणजींच्या कन्येचा अपमान. कोशसुद्धा उघडला नाही. वीस-बावीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर माणसाला एवढी तरी ऐट परवडावी.

एक शंका. घसारा माणसावर धरतात का? शाळेत आम्ही नवीन बाकं आली की जुनी मागच्या खोलीत नेतो. त्या खोलीत हल्ली संस्कृतचा तास होतो. मुलं सातच आहेत, त्यांतली दोन विज्ञानाला जागा मिळाली नाही म्हणून आलेली. मी त्यांना सगळं चालवून दाखवतो, राम, हरी, नदी, वधू. ती मागे म्हणतात. बाहेर चौपाटीच्या सभेला निघालेल्यांच्या ‘मुंबईसह’च्या घोषणा चाललेल्या असतात. आमचा राम मात्र बिचारा त्याच सात विभक्तींतून फिरत असतो.

राजारामांना माझ्यातर्फे सांगावं की बाक मोकळा ठेवणारे लोक संस्कृतच्या नावाने शपथ घेतात, पण त्यांना संस्कृत येत नाही. मी परीक्षा घेतलेली आहे.

आपला,
र. वा. आठल्ये


दादर,
१२ ऑक्टोबर १९५७

मास्तर,

कीर्द फारसी आहे. मूळ अर्थ ‘केलेलं’. वडील सांगत, आणि मी आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाहून घेतलं. कीर्तीला परत सासरी पाठवावं. घसाऱ्याबद्दल मात्र आपण जिंकलात.

दुसरी गोष्ट. आपण राजाबाई टॉवरखाली योगायोगाने भेटलात, असं आता तीनदा झालं. ओव्हलवर फिरायला येता म्हणालात. गिरगावात चौपाटी असताना माणूस ओव्हलवर फिरायला येतो, याला आमच्या शास्त्रात योगायोग म्हणत नाहीत, पद्धत म्हणतात. मी तक्रार करत नाही. काल आपण नव्हतात, तर राजारामांनी विचारलं, ‘आज तुमचे शब्दवाले नाय आले?’ मी म्हटलं, त्यांना दुसरी कामं असतात. मग ट्रॅममध्ये बसल्यावर आपल्याला दुसरी कोणती कामं असतील याचा विचार करत दादरपर्यंत आले. एकही सुचलं नाही.

त्या दिवशी इराण्याकडे मी फार बोलले. घरी मला बोलण्याची सवय राहिलेली नाही. भाऊ रमाकांत कामावरून येतो तो पेपरात डोकं घालतो, वहिनी मुलांमागे. सगळे चांगले आहेत. ओट्याचा एक कोपरा मला अभ्यासाला दिला आहे. मी कॉस्टिंगची गणितं करते आणि शेजारी वहिनी कोळंबी सोलते. मधेच विचारते, ‘वन्सं, हे कुठपर्यंत चालायचं?’ तिला परीक्षेची तारीख नको असते.

उचंत आपण ओळखलात म्हणून सांगत नाही. वडील असते तर खूश झाले असते. पेढीबाहेरच्या माणसाला तो शब्द सहसा कळत नाही.

आपली,
कालिंदी


गिरगाव,
५ जानेवारी १९५८

कालिंदीबाई,

हे पत्र मी तीन प्रकारे लिहिलं. पहिलं फार संस्कृत झालं, दुसरं फार मराठी. हे तिसरं आहे आणि तेच पाठवतो आहे, कारण घरातले कागद संपले.

आपल्याला मॅट्रिकपर्यंत संस्कृत होतं, तेव्हा आठवत असेल. मराठीत एक असतो किंवा अनेक असतात. एकवचन आणि अनेकवचन, संपलं. संस्कृतात या दोहोंच्या मधे एक घर आहे, द्विवचन. दोनच जणांसाठी वेगळं रूप. एकापेक्षा जास्त आणि गर्दीपेक्षा कमी. प्रत्येक नव्या वर्गात एक मुलगा विचारतो, मास्तर, दोघांसाठी एवढी वेगळी सोय कशाला? मी उत्तर देतो की ती आहे म्हणून पाठ करायची. खरं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. पहिला संसार झाला तेव्हा मी तरुण होतो, आणि घर माणसांनी इतकं भरलेलं होतं की आम्ही दोघं कधी दोघं झालोच नाही. ती गेली आणि हळूहळू सगळेच गेले. मग मी एकवचनात आलो. त्याचीही सवय होते. संध्याकाळी दिवा लावला की भिंतीवर एक सावली पडते, तिला काही विचारावं लागत नाही.

शेजारी प्रतापगडाला काळी निशाणं घेऊन जाऊन आले. अजून तेच बोलतात. सगळी मुंबई द्विभाषिक मोडा म्हणून ओरडते आहे. त्या गलबल्यात मी एकटाच द्विवचन जोडा म्हणून उभा आहे, हे हास्यास्पद आहे याची मला कल्पना आहे.

तर आता साध्या भाषेत. मी आपल्याला लग्नाविषयी विचारतो आहे. घर दोन खोल्यांचं आहे. ओटा पूर्वेकडे, तो पूर्ण आपला. कोळंबी सोलायला कोणी नाही, खायलाही कोणी नाही, पण आपण आणलीत तर मी गॅलरीत जाऊन बसेन. आपण एम. कॉम. पुरं करावं, पुढेही जे करायचं ते करावं. लोक हसतील. माझ्या बाजूचे थोडे आहेत, आणि ते एरवीही हसतात.

उत्तर कसंही असलं तरी चालेल. लांबलचक असण्याची गरज नाही.

आपला,
रघुवीर


दादर,
१४ जानेवारी १९५८

मास्तर,

आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही, टपालात चुरा होतो.

आपलं पत्र ओट्यावर वाचता येईना म्हणून ट्रॅमच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन परत आले. मला असं कोणी लिहिलेलं नाही. एकदा बघायला आले होते, त्यांनी वडिलांना लिहिलं होतं.

मी फार लिहिणार नाही. लिहायला लागले तर भलतंच लिहीन. आपल्याला एक शब्द पुरतो, म्हणून एका शब्दात सांगते. आपलं विचारणं उचंत. आज माझ्या हातून एवढंच होण्यासारखं आहे, आणि आपण ते बरोबर समजाल ही खात्री आहे.

एक मागणं आहे. कृपा करून आता पत्र लिहू नये, आणि ओव्हलवर येऊ नये. आपण येऊन गेलात की पुढचा आठवडा माझं कशात लक्ष लागत नाही. आयुष्यात एक गोष्ट मला माझी मी पुरी करायची आहे.

आपली,
कालिंदी


गिरगाव,
१६ जानेवारी १९५८

कालिंदीबाई,

शब्द पोचला. नेमका आहे. इतक्या थोडक्यात आणि इतक्या सभ्यपणे मला लिहिता आलं नसतं. आपण म्हणता तेच उचित. त्याप्रमाणे वागेन.

परीक्षेस मनापासून शुभेच्छा.

रघुवीर आठल्ये


दादर,
१० मे १९५९

मास्तर,

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा राजाबाई टॉवरखाली मी उगाच इकडेतिकडे पाहिलं. आपण नसणार हे ठाऊक होतं. मीच नको म्हटलं होतं. राजाराम म्हणाले, ‘बाई, आता बोलवा की त्यांना.’ पेपर त्यांनाही चांगले गेले आहेत. सव्वा वर्ष त्या बाकावर आम्ही एकमेकांना कंपनी कायदा म्हणून दाखवला.

आपण माझं मागणं इतकं तंतोतंत पाळलंत की कधी कधी मलाच राग आला. गेल्या गणपतीत मी प्रार्थना समाजापाशी बसमध्ये होते. आपण फुटपाथवर भाजीची पिशवी घेऊन उभे होतात. पाहिलंत, आणि मान खाली घालून चालू लागलात. तेव्हा मनात म्हटलं, केवढा हा संयम. मला एवढा जमला नसता.

आता कामाचं. वडील म्हणत, उचंत खातं वर्षानुवर्षं ओढू नये, वर्षअखेर त्याचा निकाल लावावा. आपल्याला ठाऊक आहेच, तरी त्यांच्या शब्दांत सांगते, कारण मला ते म्हणून बघायचं आहे. ते सांगत, पेढीवर एखादी रक्कम येते. कोणाची, कशापोटी, कुठे मांडायची हे त्या दिवशी ठरवता येत नाही. म्हणून ती परत करायची नाही. आत घ्यायची आणि उचंत खात्याला ठेवायची. ती नाकारलेली नसते. तिची जागा ठरायची असते, एवढंच. मी लहान असताना वाढदिवसाला काही मागितलं की म्हणायचे, ‘तूर्त उचंत.’ त्याचा अर्थ नाही असा कधीच नव्हता. थांब, असा होता. आणि ते कधी विसरले नाहीत.

मीही विसरले नाही. मास्तर, जागा ठरली आहे. आपलं विचारणं अजून तसंच असेल तर कळवावं. ओव्हलवर आलात तरी चालेल.

आपली,
कालिंदी


गिरगाव,
१४ मे १९५९

कालिंदीबाई,

आपलं पत्र सीतारामने दिलं. त्याला वाटलं होतं तीच ती वाईट बातमी असं समजून तो पुन्हा दारात थांबला. तो पाणी मागून प्यायला आणि गेला.

मी उचंत ओळखला होता म्हणून लिहिलं होतं. कसा ओळखला होता ते आज लिहितो. उचित अधिक अंत, उचितान्त. बाजाराने झिजवून उचंत केला. जिथे थांबणं योग्य तिथे थांबणं. आपण मला तो शब्द पाठवलात तेव्हा मी म्हटलं, बाईंनी नकारसुद्धा किती नेटका दिला. वर आपण पत्र लिहू नका, येऊ नका, असं लिहिलं होतं. माझ्या अर्थाला ते चपखल बसलं. बसमध्ये आपण दिसलात तेव्हा मान खाली घातली ती संयमाने नव्हे. नकार दिलेल्या बाईकडे रस्त्यात बघत राहू नये, एवढीच माझी समज.

कोश काल उघडला. तो गेले सहा-सात महिने आमच्याकडे पाट म्हणून वापरात आहे. जेवायला पाट पुरत नाहीत, म्हणून धाकटा भाचा त्यावर बसतो. त्याला ताटावरून उठवला. शब्द आहे. दिवाणजींनी सांगितला तोच अर्थ आहे. पोरगं म्हणालं, ‘मामा, सापडलं?’ मी म्हटलं, हो. त्याने परत पान मिटवलं आणि त्यावर बसून आमटी संपवली.

भाचा कुठून आला, हे आता सांगावंच लागेल. गेल्या दिवाळीआधी माझी धाकटी बहीण बकुळा हिचे यजमान गेले. राजापुराहून तिला आणि तिन्ही मुलांना मी घेऊन आलो. घर रिकामं होतं, मागे कोणाला विचारायचं नव्हतं, आणि कोणी येणार आहे असं मला वाटत नव्हतं. थोरला माझ्याच शाळेत आहे. आतली खोली त्यांची, बाहेरच्या खोलीत मी, वह्या आणि सायकल. बकुळा रात्री रडते आणि सकाळी रडलेलीच नाही असं दाखवते. तिला मी शब्द दिला आहे की मुलं शिकून बाहेर पडेपर्यंत हे घर तिचं आहे. धाकटा आठ वर्षांचा.

एकवचनातून मी एकदम बहुवचनात गेलो. द्विवचन मधेच राहिलं.

आपण विचारता, माझं विचारणं अजून तसंच आहे का. आहे. पण त्या वेळी जे देऊ केलं होतं ते आता माझ्याजवळ नाही. दोन खोल्या नाहीत. पूर्वेचा ओटा बकुळाचा आहे. आपल्याला एका ओट्याच्या कोपऱ्यातून उठवून दुसऱ्या ओट्याच्या कोपऱ्यात बसवायचं, हे माझ्याने लिहवत नाही. तिला कुठे पाठवणंही माझ्याने होणार नाही. यातून काय करायचं ते मला समजत नाही. व्युत्पत्तीसुद्धा सुचत नाही.

आपला,
रघुवीर


दादर,
३ जुलै १९५९

मास्तर,

उत्तराला उशीर झाला. निकाल लागायची वाट बघत होते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

आपलं पत्र वाचून मी आधी हसले. उचितान्त. किती शोभेसा शब्द आहे. मग हसू थांबेना, तेव्हा वहिनी बघायला आली. तिला सांगितलं, हिशेबात चूक सापडली. ती म्हणाली, ‘मोठी आहे का हो?’ मी म्हटलं, सव्वा वर्षाची.

चूक आपली एकट्याची नाही. मी तो शब्द सांगायचा म्हटलं होतं आणि सांगितला नाही. आपण ओळखलात याचं मला इतकं अप्रूप वाटलं, की नक्की काय ओळखलंत हे विचारलंच नाही. वर्गात पहिल्याच दिवशी शिकवतात की दुसऱ्याने ‘बरोबर आहे’ म्हटलं तरी स्वतः ताडून बघावं.

बकुळाताईंना कुठेही पाठवू नका. तसं केलंत तर मी आपल्याशी बोलणार नाही. पण मीसुद्धा तिथे येऊन घरातली सहावी होऊ शकत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या संसारात अंग चोरून राहिले, त्यात तरबेज झाले, म्हणूनच आता नको.

मी पास झाले. दुसरा वर्ग. राजारामही. कचेरीने अधिकाऱ्याची जागा दिली आहे, नागपूरच्या शाखेत. पुढच्या महिन्यात जाते. नागपूरला माझं कोणी नाही. राजारामांनी तिथल्या त्यांच्या एका नातलगाचा पत्ता दिला आहे, खोली बघून द्यायला. रमाकांत म्हणाला, एकटी कशी राहशील. मी म्हटलं, इथे राहते तशीच. त्याला ते लागलं. लागावं म्हणून म्हटलं नव्हतं.

आपलं विचारणं मी कुठल्या खात्यात न्यावं ते मलाही सुचत नाही. परत करवत नाही. तेव्हा तूर्त उचंतच. या वेळी अर्थ दोघांना एकच माहीत आहे, एवढा फरक. आणि या वेळी पत्रं लिहावीत.

आपली,
कालिंदी


गिरगाव,
१ मे १९६०

कालिंदीबाई,

आज महाराष्ट्र झाला. द्विभाषिक मोडलं. गिरगावात काल रात्रीपासून कोणी झोपलेलं नाही. चाळीच्या तिन्ही मजल्यांवर पणत्या आहेत, सीतारामने टपालाऐवजी पेढे वाटले, आणि मला म्हणाला, ‘मास्तर, आज नागपूरचं काय नाय, उद्या बघू.’ आपली पत्रं तो आता लांबून ओळखतो. उजवीकडे झुकलेलं अक्षर.

बकुळा मुलांना घेऊन रोषणाई बघायला गेली आहे. शाळेला सुट्टी लागली. दीड वर्षात पहिल्यांदा घरात मी एकटा आहे. ज्या एकांताला मी एवढा सरावलो होतो तो आज अंगावर आला. दिवा लावला, तर भिंतीवरची ती जुनी सावली. तिला म्हटलं, बस. मग लिहायला घेतलं.

आपलं मागचं पत्र मी पुष्कळदा वाचलं. आपण सहज लिहिलं आहे की रविवारी जेवण एकीपुरतंच होत नाही, थोडं जास्त होतं आणि ते संध्याकाळी तसंच खाल्लं जातं. त्यावर मी काही उत्तर दिलं नाही. आज देतो.

गेले दहा महिने मी एक काम केलं. द्विवचनाची सगळी सूत्रं आणि त्यांवरच्या टीका पुन्हा वाचल्या. या वेळी ऐट केली नाही, एकेक पान ताडून पाहिलं. दोन असले की द्विवचन होतं, एवढंच सगळे सांगतात. ते दोघे एका छपराखाली असावे लागतात असा नियम मला कुठेही आढळला नाही. एक गिरगावात आणि एक नागपुरात असला तर रूप बदलतं, असंही नाही. अंतराविषयी व्याकरण काही बोलत नाही. वर्षातून दोन सुट्ट्या असतात याविषयीही बोलत नाही, पण त्या असतात. बकुळाला मी सांगितलं. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘दादा, हे मला गेल्या दिवाळीतच का नाही सांगितलंस?’

म्हणून पुन्हा विचारतो. विचारणं तेच आहे. देऊ करण्यासारखं घर नाही, नुसतं वचन आहे. दोन्ही अर्थांनी.

आपला,
रघुवीर


नागपूर,
५ मे १९६०

मास्तर,

कार्डच लिहिते आहे. सीतारामने वाचलं तरी चालेल.

उचंतमधली रक्कम आज हलवली. ‘आम्ही दोघं’ याला संस्कृतात ‘आवाम्’ म्हणतात असं मला मॅट्रिकपासून आठवतं, पण आता आठवणीवर भरवसा ठेवत नाही. रूप चुकलं असेल तर दुरुस्त करावं. पत्राने नको. शाळेला सुट्टी लागली आहे ना?

उचितान्त ही व्युत्पत्ती चुकीची आहे. पण राहू द्या.

कालिंदी